सुई सगळ्यात शेवटी: कोकणातल्या दमट हवेत जुना रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करताना

कोकणातल्या जुन्या घरांत माळ्यावर, नाहीतर पडवीतल्या लाकडी कपाटात चादरीत गुंडाळलेला रेकॉर्ड प्लेअर आजही सापडतो. कुणाच्या आजोबांनी तो मुंबईला गिरणीत असताना घेतलेला असतो, कुणाच्या काकांनी आखातातून किंवा जहाजावरून आणलेला. गणपतीला चाकरमानी आले की कुणीतरी तो खाली उतरवतं आणि प्लग लावतं. मोटर गुरगुरते, थाळी हलत नाही, आणि तो पुन्हा वर जातो.

आमच्या वेंगुर्ल्याच्या काकीने तिचं मशीन माझ्या हातात दिलं तेव्हा ती म्हणाली होती, "ह्यां आता वाजूचां नाय रे, भंगारात घाल." ते आज वाजतंय. त्यात नवीन घातलं ते एक बेल्ट, एक कॅपॅसिटर आणि एक सुई, एवढंच. बाकी सगळं काम पुसण्याचं होतं. त्यानंतर हाताखालून गेलेल्या मशीनांनीही मला तेच शिकवलं. आपल्या किनाऱ्यावर ही यंत्रं झिजून मरत नाहीत, अडकून पडतात. जुनं ग्रीस घट्ट होतं, खाऱ्या वाऱ्याने टोकं गंजतात, रबर कडक होतं. म्हणून या कामात क्रम फार महत्त्वाचा. आधी साफसफाई, मग फिरणं, मग वेग, मग हात, आणि सुई सगळ्यात शेवटी. मशीन दुसरं मिळेल. आजीच्या ट्रंकेतली बालगंधर्वांची तबकडी दुसरी मिळणार नाही. बिघडलेल्या मशीनवर तबकडी "वाजते का बघूया" म्हणून लावायची नाही. लेख पुढे वाचला नाहीत तरी एवढं मात्र पाळा.

हाताशी काय असावं

एक साधा मल्टिमीटर, स्क्रू ड्रायव्हरचा संच, चिमटा, कापूस आणि कानात घालायच्या कापसाच्या काड्या, औषधाच्या दुकानातलं आयसोप्रोपिल अल्कोहोल, शिवणयंत्राचं तेल, पांढरं लिथियम ग्रीस, सोल्डरिंग आयर्न, बारीक पॉलिश पेपर. गवंड्याकडची छोटी पाणसळ मिळाली तर उत्तम. सोनाराच्या काट्यासारखा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा ऑनलाइन स्वस्तात मिळतो, तो मात्र घ्याच. आणि एक मोठी परात. या यंत्रांत आसावर बसवलेल्या बारीक क्लिपा असतात, त्या स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने काढताना टणकन उडतात. परातीत जुनं फडकं अंथरून त्यात काम केलं की त्या शोधत जमिनीवर रांगावं लागत नाही.

खोबरेल तेल मात्र लांब ठेवा. आपल्याकडे दाराच्या बिजागरीपासून शिवणयंत्रापर्यंत सगळ्याला खोबरेल लावायची सवय आहे. ते साधारण २४ अंशांखाली गोठतं आणि वर्षभरात खवट होऊन चिकट थर बनतं. डिसेंबरच्या पहाटे दापोलीत किंवा सावंतवाडीत बाटलीतलं तेल पांढरं झालेलं तुम्ही पाहिलंच असेल. बेअरिंगमध्येही तेच होतं. घासलेटही नको, त्याने रबर फुगतं. गंज सोडवायच्या फवाऱ्याचंही तसंच. त्याने अडकलेला स्क्रू सुटेल, पण ते वंगण नाही. बेअरिंगमध्ये मारलात तर आतलं उरलंसुरलं तेल धुऊन जाईल.

प्लग लावण्याआधी

पहिल्या दिवशी वीज जोडायचीच नाही. मशीन टेबलावर घ्या, थाळीवरची रबरी चटई काढा, थाळी हाताने फिरवून बघा. सहज फिरते, घासते, की अजिबात हलत नाही, हे वहीत लिहा. मग हात, म्हणजे ज्याच्या टोकाला सुई असते तो टोनआर्म, त्याच्या टेकूला दोऱ्याने बांधून टाका. सुईला प्लॅस्टिकचं झाकण असेल तर ते बसवा. नवख्यांच्या हातून सगळ्यात जास्त सुया मोडतात त्या याच वेळी, मशीन उलटं करताना.

थाळी काढा. काही थाळ्या नुसत्या वर उचलल्या की येतात, काहींना मधल्या दांड्यावर एक क्लिप असते. खाली बघितलं की मशीन कुठल्या जातीचं आहे ते कळेल. मोटरच्या दांड्यापासून थाळीपर्यंत रबरी पट्टा गेलेला असेल तर ते बेल्टवालं. मोटर आणि थाळीची कड यांच्या मधोमध रबरी कडेचं छोटं चाक असेल तर ते आयडलरवालं. पेटीत बसणारे जुने प्लेअर आणि आपोआप तबकड्या बदलणारे चेंजर बहुतेक याच जातीचे. पट्टाही नाही, चाकही नाही, मोटर थेट थाळीखाली असेल तर ते डायरेक्ट ड्राइव्ह. १९७२ साली आलेलं टेक्निक्सचं एसएल-१२०० हे त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं नाव. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये इलेक्ट्रॉनिक सर्किट बरंच असतं, म्हणून पहिलं मशीन म्हणून ते उघडू नका. बाकी दोन्ही जाती शिकायला चांगल्या.

प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा. स्प्रिंग कुठल्या भोकात होती, वायर कुठल्या टोकाला होती, हे आठवड्यानंतर कुणालाच आठवत नाही.

आता मशीन दोन विटांवर किंवा उशांवर उलटं ठेवून तळाची पाटी काढा. आत काय सापडेल याची तयारी ठेवा. पालीची अंडी, झुरळांची विष्ठा, आणि आपल्याकडे हमखास कुंभारणीचं, म्हणजे मातीचं घर बांधणाऱ्या माशीचं, घर. काकीच्या मशीनमध्ये मोटरच्या गुंडाळीला चिकटून मातीच्या तीन नळ्या होत्या, शेजारी शेजारी, बोटाएवढ्या. ही माती नुसती घाण नाही. पावसाळ्यात ती ओल धरते, तिच्याखालची तार हिरवी पडत जाते. ती ओरबाडून काढू नका, गुंडाळीची तार केसाएवढी असते. ब्रशने अल्कोहोल लावून माती मऊ करा आणि बांबूच्या काडीने हळूहळू सोडवा.

मशीन पुराच्या पाण्यात गेलेलं असेल तर गोष्ट वेगळी. जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळुणात किती घरांतलं सामान चिखलाखाली गेलं ते आपण पाहिलं आहे. अशा मशीनचे धातूचे भाग स्वच्छ पाण्याने धुऊन, लगेच अल्कोहोलने पुसून, उन्हात नव्हे तर वाऱ्याला आठवडाभर वाळवा. मोटर आणि ट्रान्सफॉर्मर मल्टिमीटरने तपासल्याशिवाय जोडू नका. लाकडी पेटी फुगली असेल तर ती वाचवत बसू नका, नवी करून घ्या.

जुनं ग्रीस

या कामाचा सगळ्यात मोठा भाग हाच. तीस-चाळीस वर्षांनी ग्रीस काकवीसारखं होतं, तपकिरी आणि ओढाळ, आणि आणखी जुनं असेल तर मेणासारखं कडक. चेंजरच्या खालच्या बाजूला जे दातेरी चक्र आणि पट्ट्या दिसतात, त्या सगळ्या या ग्रीसने जागच्या जागी धरून ठेवलेल्या असतात. हात आपोआप उचलत नाही, तबकडी संपली तरी मशीन थांबत नाही, वेग बदलायची खुंटी फिरत नाही, या तक्रारींच्या मुळाशी बहुतेक वेळा हेच असतं. जोर लावून खुंटी फिरवू नका. त्या पट्ट्या ओतीव धातूच्या असतात, तुटल्या की सांधता येत नाहीत.

अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापूस प्रत्येक सांध्यावर दहा मिनिटं ठेवा, मग काडीने कोरा. कापूस पांढरा निघेपर्यंत पुन्हा तेच. वेळ लागतो, लागू द्या. एका चेंजरला मला दोन रविवार लागले होते. साफ झाल्यावर जिथे धातूवर धातू सरकतो तिथे लिथियम ग्रीसचा तांदळाएवढा ठिपका, आणि जिथे आस फिरतो तिथे तेलाचा एक थेंब. रबर जिथे टेकतं तिथे काहीही नाही.

थाळीचं मधलं बेअरिंग वेगळं काढा. दांडा वर ओढला की नळीच्या तळाशी बऱ्याच मशीनांत स्टीलची एक गोळी असते. ती कापसाला चिकटून बाहेर येते आणि घरंगळून जाते, म्हणून पुन्हा परात. नळी काडीने स्वच्छ करा, गोळी पुसून परत टाका, तेलाचे चार-पाच थेंब सोडा आणि दांडा बसवा. बेअरिंग चांगलं असेल तर दांडा धपकन खाली जात नाही. आतली हवा आणि तेल सावकाश वाट देतात आणि तो हळूहळू बसतो. हे पहिल्यांदा बघाल तेव्हा यंत्र बनवणाऱ्याबद्दल आदर वाटेल.

मोटरच्या दोन्ही टोकांना पितळी रंगाच्या सच्छिद्र बुश असतात. त्यांना तेलाचे दोन-दोन थेंब द्या आणि रात्रभर तसंच ठेवा, तेल आत मुरू द्या. सकाळी बोटांनी मोटरचा दांडा फिरवलात तर तो सोडल्यावरही क्षणभर फिरत राहायला हवा.

रबर

बेल्ट सैल, चिकट किंवा चिरलेला असेल तर नवाच घ्या. मॉडेलचा नंबर माहीत नसेल तर दोरा घ्या, बेल्ट जिथून जातो तिथून, म्हणजे आतल्या छोट्या थाळीभोवती आणि मोटरच्या पुलीभोवती, गुंडाळा आणि लांबी मोजा. बेल्ट त्याहून साधारण ५ ते ७ टक्के कमी लांबीचा हवा, म्हणजे ताण नीट बसतो. ६०० मिलिमीटर दोरा भरला तर ५६० ते ५७० च्या आसपासचा बेल्ट मागवा. फार घट्ट बेल्ट मोटरच्या बुश खातो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला असे बेल्ट मिळतात, ऑनलाइनही मिळतात. शाळेतलं रबर बँड लावून काम भागवू नका, आवाज डुलत राहील.

आयडलरचं चाक जरा हुशारीने हाताळावं लागतं. त्याची रबरी कड काचेसारखी चकचकीत झालेली असेल तर आधी अल्कोहोलने पुसा. तेवढ्याने न भागल्यास चाक ड्रिलमध्ये किंवा मोटरच्याच जोरावर फिरवत कडेला बारीक पॉलिश पेपर हलका टेकवा. वरचा मेलेला थर गेला की खालचं मॅट रबर दिसतं. मशीन वर्षानुवर्षं चालू स्थितीत अडकून पडलं असेल तर पुलीने रबरात खड्डा पाडलेला असतो. नखाने कड चाचपली की तो लागतो. ऐकताना प्रत्येक फेऱ्याला "धुप, धुप" असं येतं ते हेच. खोल खड्डा घासून जात नाही, त्याला नवं रबर चढवावं लागतं. छपाईच्या रोलरना रबर चढवून देणारे कारागीर शहरांत आहेत, त्यांना जुनं चाक द्या आणि व्यास लिहून द्या.

वीज

हा भाग येत नसेल तर गावातल्या वायरमनला शेजारी बसवा. त्यात कमीपणा काही नाही.

आधी मल्टिमीटर ओहमवर ठेवून मोटरच्या गुंडाळीची दोन टोकं तपासा. काही आकडा दाखवला तर तार शाबूत आहे. काहीच दाखवलं नाही तर तुटली आहे. मग कुठल्याही उघड्या धातूच्या भागापासून प्लगच्या दोन्ही पिनांपर्यंत तपासा. तिथे अजिबात जोड दिसता कामा नये. दिसला तर मशीनला हात लावला की झटका बसणार. जुन्या व्हॉल्व्हवाल्या पेट्यांत काही वेळा सांगाडाच थेट विजेच्या वायरीला जोडलेला असतो. त्या पेट्या नवख्याने उघडू नयेत. त्यांच्यातल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही जीवघेणा दाब उरतो.

चालू-बंदच्या खटक्याला जोडलेला एक छोटा कॅपॅसिटर असतो, ठिणगी दाबण्यासाठी. तो कागदी जातीचा जुना असेल तर डोळे मिटून बदला. दमट हवेत त्याचं आवरण तडकतं आणि एके दिवशी धूर निघतो. जागी एक्स-२ जातीचाच, म्हणजे घरच्या विजेवर थेट चालण्यासाठीच बनवलेला, लावा, तेवढ्याच मूल्याचा. दुसऱ्या जातीचा चालत नाही. वायरीचं आवरण कडक होऊन तुटत असेल तर वायरही नवी.

पहिल्यांदा वीज देताना सिरीज बल्ब वापरा. ६० वॉटचा जुन्या पद्धतीचा बल्ब मशीनच्या एका वायरीत मधे घालायचा. बल्ब मंद राहिला किंवा लागलाच नाही तर ठीक, कारण अशी मोटर साधारण १० ते १५ वॉटच घेते. तो पूर्ण पेटला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. एवढ्या साध्या युक्तीने कितीतरी मोटरी जळता जळता वाचतात.

घराचं अर्थिंगही बघून घ्या. जुन्या घरांत दोन पिनांचीच बोर्ड असतात. आणि जांभ्या दगडाच्या जमिनीत मे महिन्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. त्यात उन्हाळ्यात पाणी घालत राहायला हवं.

आखाती मशीनांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण रत्नागिरी, खेड, श्रीवर्धन भागात ती खूप आहेत. कुवेत आणि दुबईची वीज आपल्यासारखीच ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांची, आहे, तिथली मशीनं बहुतेक थेट चालतात. सौदीत ६० हर्ट्झ. तिथून किंवा अमेरिकेतून आलेल्या मशीनला लोक ट्रान्सफॉर्मर लावतात. त्याने व्होल्ट जुळतात, हर्ट्झ जुळत नाहीत. जुनी एसी मोटर वेग ठरवते तो हर्ट्झवरून. परिणामी ३३ १/३ ऐवजी थाळी मिनिटाला २७.८ फेरे फिरते. सूर जवळपास तीन अर्धस्वर उतरतो, काळी चारची गायिका पांढरी चारमध्ये गाऊ लागते. आमच्या दुसऱ्या एका काकांच्या मशीनचं हेच झालं होतं. "बाईंचो आवाज बसलेलो," असं घरात सगळे वर्षानुवर्षं समजत होते. उपाय एकच, मोटरच्या दांड्यावरची पुली ५० हर्ट्झची, म्हणजे जरा जाड. काही मशीनांत तीच पुली उलटी बसवायची सोय असते. नसेल तर लेथवाल्याकडून पितळेची करून घ्या: बेल्टवाल्या मशीनला जुन्या पुलीचा व्यास गुणिले १.२. आमची कणकवलीच्या लेथवाल्याने चहा पिऊन होईपर्यंत करून दिली.

वेग

७८, ४५ आणि ३३ १/३, हे तीन वेग बहुतेकांवर असतात. लाखेच्या जुन्या तबकड्या ७८ च्या, १९४८ पासून आलेल्या एलपी ३३ १/३ च्या. तपासायला ॲपची गरज नाही. थाळीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवा, घड्याळ लावा आणि मोजा. ३३ १/३ वर बरोबर तीन मिनिटांत १०० फेरे झाले पाहिजेत. ४५ वर एका मिनिटात ४५.

स्ट्रोबची, म्हणजे वेग तपासायला रेषा छापलेली, चकती वापरायची असेल तर ती ५० हर्ट्झचीच छापा. ३३ १/३ साठी तिच्यावर १८० रेषा असतात. ६० हर्ट्झच्या चकतीवर २१६ असतात, ती इथे खोटं दाखवेल. रेषा थिजलेल्या दिसल्या की वेग बरोबर. उजेड मात्र जुन्या तारेच्या बल्बचा किंवा निऑनच्या छोट्या दिव्याचा हवा, बरेचसे एलईडी दिवे लुकलुकत नाहीत. इन्व्हर्टरवर वेग तपासू नका. पावसात वीज गेलेली असताना मोह होतो, पण स्वस्त इन्व्हर्टरची लहर चौकोनी असते, मोटर गुणगुणते आणि तापते.

वेग कमी भरला तर पहिला संशय ग्रीसवर घ्या, दुसरा रबरावर. मोटरला दोष सगळ्यात शेवटी.

हात आणि सुई

आता कुठे सुईकडे वळायचं. आधी पाणसळ थाळीवर ठेवून मशीन सपाट करा, पायांखाली पुठ्ठ्याच्या चकत्या घालून. मग हात दोन बोटांत धरून आडवा आणि उभा हलवा. तो पिसासारखा फिरला पाहिजे. कुठे अडखळला किंवा खडखडला तर त्याची बेअरिंगं साफ करायची राहिली आहेत.

सुईच्या मागचा छोटा डबा म्हणजे कार्ट्रिज. जुन्या मशीनांत तो क्रिस्टल किंवा सिरॅमिक जातीचा असतो. क्रिस्टलवाल्यात रोशेल मिठाचा स्फटिक असतो आणि ते मीठ हवेतली ओल पिऊन विरघळतं. एवढंच लक्षात घेतलं तर कोकणात क्रिस्टल कार्ट्रिज जवळपास कधीच जिवंत का सापडत नाही ते कळेल. आवाज अगदी बारीक, पत्र्यासारखा येत असेल तर तो गेलेला आहे, त्यावर वेळ घालवू नका. जागी सिरॅमिक बसवा. तो ओलीने मरत नाही आणि त्याचा आवाज तसाच थेट जुन्या ॲम्प्लिफायरला जातो.

सुधारणा करायची म्हणजे मॅग्नेटिक कार्ट्रिज लावायचा, असं सगळीकडे वाचायला मिळतं. माझं मत असं की आधी हात बघा. पेटीतल्या चेंजरचा हात जड असतो, त्याला आपोआप थांबायची कळ ढकलायची असते, आणि तो सुईवर पाच-सहा ग्रॅम भार टाकल्याशिवाय खाचेत टिकत नाही. त्याच्यावर दोन ग्रॅमची नाजूक सुई बसवलीत तर ती उडत राहील आणि तबकडी ओरखडेल. अशा मशीनला चांगला सिरॅमिक आणि नवी सुई हीच खरी सुधारणा. मागे वजन असलेला, हलका हात असेल तरच मॅग्नेटिककडे जा. ऑडिओ-टेक्निकाचा व्हीएम९५ई त्यासाठी चांगला. त्याला २ ग्रॅम भार लागतो, आणि त्याच डब्यात ७८ च्या तबकड्यांची वेगळी सुई बसते.

हे वेगळेपण महत्त्वाचं. एलपीच्या खाचेसाठी सुईचं टोक साधारण १८ मायक्रॉन त्रिज्येचं असतं, ७८ साठी सुमारे ७६. एलपीची सुई ७८ च्या रुंद खाचेत तळाशी घसरते आणि नुसता खरखराट येतो; ७८ ची सुई एलपीवर टेकवलीत तर एलपी कायमची गेली. जुन्या सिरॅमिक कार्ट्रिजला एक छोटी खुंटी असते, ती उलटली की दुसरी सुई खाली येते. लावण्याआधी दरवेळी ती बघायची.

मागच्या चार वायरींचे रंग ठरलेले आहेत: पांढरी डावी धन, निळी डावी ऋण, लाल उजवी धन, हिरवी उजवी ऋण. कार्ट्रिजच्या पिनेवर थेट सोल्डर करू नका, आत वितळतं. टोपणं चिमट्याने बसवा. टोपणं हिरवी पडली असतील तर पॉलिश पेपरच्या कपट्याने आतून घासा. आपल्या किनाऱ्यावर एका बाजूचा आवाज जातो तो बहुतेक वेळा इथेच.

भार असा लावतात. सुईचं झाकण काढा, मागचं वजन सरकवत हात तराजूसारखा आडवा तरंगता करा, तिथे आकडा शून्यावर आणा, मग हवा तेवढा भार वजन फिरवून द्या. आकड्यावर विसंबू नका, काट्यावर मोजा. भार फार कमी ठेवला की तबकडी वाचते हा गैरसमज आहे. कमी भाराची सुई खाचेत आदळत जाते आणि जास्त झीज करते. नंतर कार्ट्रिज सरळ करण्यासाठी छापील प्रोट्रॅक्टर, म्हणजे कोन जुळवायचा रेषांचा कागद, वापरा. प्रचलित बेअरवाल्ड पद्धतीत केंद्रापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर सुई खाचेला समांतर यावी लागते. छापल्यावर पट्टीने मोजून खात्री करा, प्रिंटर आकार बदलतो.

मॅग्नेटिक कार्ट्रिजचा आवाज तीन-पाच मिलिव्होल्टचा, म्हणून त्याला फोनो प्रीॲम्प, म्हणजे ॲम्प्लिफायरच्या आधी आवाज वाढवणारा डबा, लागतो. नुसता ॲम्प्लिफायरच्या ऑक्स या साध्या खोबणीत लावलात तर बारीक आणि खर्जाशिवाय येईल. हम्म असा गुणगुणाट येत असेल तर मशीनची अर्थची बारीक वायर ॲम्प्लिफायरच्या स्क्रूला जोडलेली आहे का ते आधी बघा.

पैसे कुठे घालावेत

पहिले पैसे सुईवर. दुसरे चांगल्या प्रीॲम्पवर. तिसरे, जमलं तर, लाकडावर. पत्र्याचा किंवा फुगलेल्या प्लायचा खालचा खोका काढून फणसाच्या किंवा सागाच्या लाकडाचा केला तर मोटरची थरथर सुईपर्यंत कमी पोचते, आणि मशीन घरातलं वाटू लागतं. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडात हात मुरलेली माणसं आहेत. सुतारकामासाठी मुंबईला जायची गरजच नाही. महागड्या वायरी आणि चटया यांच्या नादाला निदान पहिलं वर्ष लागू नका.

तबकड्या

विहिरीचं पाणी वापरू नका, त्यातले क्षार खाचेत बसतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी पेट्रोल पंपावर मिळतं, ते चालतं. एलपीला त्यात थोडं अल्कोहोल आणि भांडी घासायच्या साबणाचा एकच थेंब. ७८ च्या तबकडीला अल्कोहोल कधीही नाही; ती लाखेची असते आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. तिला फक्त पाणी आणि साबण, आणि लगेच पुसायचं. मधला कागद भिजवू नका. बुरशी असेल तर अंगणात, नाकाला फडकं बांधून पुसा.

पहिली वाजवायची ती आधीच ओरखडे असलेली, जिचं काही वाटणार नाही अशी. दहा मिनिटांनी सुई भिंगातून बघा. टोकाला राखाडी लोकर जमली असेल तर मऊ ब्रशने मागून पुढे झाडा. हात सुरळीत परत येतो, वेग टिकतो, धुपधुप नाही, हे पटलं की मग ट्रंक उघडा.

आगोटीच्या आधी

मे संपता संपता मशीन पावसासाठी तयार करा. बेल्ट काढून पाकिटात ठेवा. आयडलर असेल तर खुंटी बंदवर आणा, म्हणजे चाक पुलीवरून सुटं राहील आणि रबरात खड्डा पडणार नाही. तबकड्या उभ्या ठेवा, समुद्राकडच्या भिंतीला लागून नको. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि ओल पिऊन रंग बदलला की हलक्या आचेवर तापवून पुन्हा वापरा, स्वयंपाकाचं भांडं न घेता. डांबरगोळ्या नकोत, त्यांच्या वाफेने काही जातींचं प्लॅस्टिक चिकट होतं. विजांचा कडकडाट सुरू झाला की नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग भिंतीतून काढा. आणि पावसाने उसंत दिली की आठवड्यातून एकदा, बेल्ट चढवून, तबकडी न लावता दहा मिनिटं थाळी फिरू द्या. तेल हलतं, मोटर कोमट होते, आतली ओल बाहेर पडते.